शेवटचे दोन इंच

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ, फ्रेंच आरमाराशी गाठ पडलेली असताना बुडालं. ४३७ वर्षं ते गाळात पडून होतं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा उरलेला सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. त्या उत्खननात यू वृक्षाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्यं हाती लागली. तोवर इंग्लिश युद्धधनुष्याबद्दल जे लिहिलं जायचं ते बरंचसं चित्रांवरून आणि शस्त्रागारांच्या हिशेबवह्यांवरून. आता खुद्द वस्तूच समोर आली होती. सहा फुटांहून लांब, मधे मनगटासारखी जाड आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली.

या धनुष्यांच्या दोन्ही टोकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शेवटचं साधारण दोन इंच लाकूड बाकीच्यापेक्षा फिकट आहे आणि तासून शंकूसारखं केलेलं आहे. तिथे पूर्वी काहीतरी चढवलेलं होतं, ते गेलं आणि त्याच्या खालचं लाकूड उघडं पडलं. गेलं ते शिंग. शिंग म्हणजे केराटीन, आपल्या नखांचा आणि केसांचाच पदार्थ. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी जवळजवळ सगळं शिंग खाऊन टाकलं, लाकूड मात्र गाळानं सांभाळलं. युद्धाच्या घाईत हजारोंनी बनणाऱ्या शस्त्रालासुद्धा टोकाला शिंग बसवण्याची तसदी लोक का घेत होते, याचं उत्तर दोरीत आहे.

पन्नास पौंडी धनुष्य पूर्ण ओढलं की बोटांवर सुमारे तेवीस किलोंचा भार येतो. बाण सोडल्यावर धनुष्याच्या दोन्ही भुजा सरळ व्हायला धावतात आणि दोरी त्यांना एका क्षणात अडवते. त्या क्षणी दोरीतला ताण बोटांवरच्या भाराच्या कितीतरी वर जातो. तो सगळा ताण लाकडावर पडतो तो फासाखालच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या खाचेत. यूचं लाकूड लवचीक असलं तरी मऊ आहे, आणि मेरी रोझवरची धनुष्यं पन्नास पौंडांची नव्हती, शंभराच्या पुष्कळ पुढची होती. नुसत्या लाकडात खाच कापली असती तर दोरीनं ती हळूहळू चिरत नेली असती.

लाकडाचा दुसराही एक अडथळा आहे. त्याचं बळ तंतूंच्या लांबीत असतं. धनुष्याची पाठ, म्हणजे तिरंदाजाकडून पाहता लक्ष्याकडे असलेली बाजू, ओढताना ताणली जाते. पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, दाबलं जातं. पाठीवरचे तंतू अखंड राहिले पाहिजेत, हा लाकडी धनुष्य करणाऱ्याचा पहिला धडा. म्हणून साध्या धनुष्यात खाच फक्त दोन्ही कडांना कापतात, पाठीवरून आडवी नेत नाहीत. पाठीवरून खाच न्यायचीच असेल तर तिथे आधी दुसरं काहीतरी आणून चिकटवावं लागतं, म्हणजे कापलं जाईल ते लाकूड नव्हे, ते ‘दुसरं काहीतरी’.

हे करायचे मार्ग दोन. पहिला मेरी रोझचा: शिंगाच्या भरीव टोकाला आतून शंकूच्या आकाराचं भोक पाडायचं आणि लाकडी टोकावर ती टोपी चढवायची. इंग्लिश लाँगबोवाले अजूनही याच रीतीला धरून आहेत. दुसरा मार्ग अलीकडचा आणि अमेरिकी धनुष्यकारांनी विशेष रुळवलेला. टोकाच्या पाठीवर कानशीनं एक सपाट उतार काढायचा आणि त्यावर शिंगाचा, हाडाचा किंवा कठीण लाकडाचा छोटा तुकडा चिकटवून त्याला आकार द्यायचा. तिकडे याला टिप ओव्हरले म्हणतात. आपण टोकपट्टी म्हणू. हे प्रकरण तिच्याबद्दल आहे.

अमेरिकेत हा प्रकार रुळला त्यामागची हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एक एकटा उरलेला माणूस लोकांसमोर आला. तो इशी या नावानं ओळखला गेला. सॅक्स्टन पोप हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. १९२३ साली त्यांचं ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक निघालं आणि घरच्या घरी धनुष्य करण्याचं वेड तिथे पसरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे थर चिकटवलेली कारखान्यातली धनुष्यं आली आणि हे वेड मागे पडलं. ते पुन्हा उसळलं विसाव्या शतकाच्या शेवटी. ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९९२ सालचा. त्यात टिम बेकर, जिम हॅम, पॉल कॉमस्टॉक यांच्यासारख्यांनी ऐकीव समजुती बाजूला ठेवून मोजमाप करून लिहिलं. गंमत अशी, की लोक जुन्या लाकडी धनुष्याकडे वळत होते तेव्हाच दोरी मात्र अगदी नवी येत होती. १९८०च्या दशकात फास्ट फ्लाइट नावाची पॉलिथिलीनच्या अतिमजबूत धाग्याची दोरी बाजारात आली. डॅक्रॉनची जुनी दोरी थोडी ताणली जाते आणि धक्का पचवते. ही नवी दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही, वर बारीकही असते. तिनं नुसत्या लाकडातल्या खाचा चिरायला सुरुवात केली. टोकपट्टी तोवर हौसेची होती, आता ती गरजेचीही झाली.

तिकडचं आवडतं लाकूड म्हणजे ओसेज ऑरेंज. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा हा त्याचा मूळ मुलूख. मराठी वाचकाला त्याची ओळख एका वाक्यात करून देता येते: हे झाड फणसाच्या आणि तुतीच्या कुळातलं आहे. फणसाच्या लाकडाचा ताज्या कापाचा पिवळा रंग ज्यानं पाहिला आहे, त्याला ओसेजचा भडक पिवळा रंग अनोळखी वाटणार नाही. उन्हाहवेत तो हळूहळू तपकिरी होत जातो. ओसेज इतकं कठीण, की नुसत्या लाकडातली खाचही त्यात बरीच वर्षं टिकते. त्यावर टोकपट्टी चढवतात ती निम्मी काळजीपोटी आणि निम्मी हौसेपोटी. आपल्या सातपुड्यातल्या तीरकमठ्याला असलं काही लागत नाही. तिथे धनुष्यही बांबूचं, दोरीही बांबूच्याच कामटीची, आणि टोकाला सुतळीच्या बांधणीनं भागतं.

पट्टी चिकटवण्याआधी वजनाचा विचार करावा लागतो, आणि हौशी माणसं नेमकी इथेच घसरतात. भुजा मुठीजवळून टोकाकडे झुलते. एक ग्रॅम वजन भुजेच्या मध्यावर असण्याऐवजी टोकावर नेलं, तर ते हलवायला पडणारा बोजा ढोबळ हिशेबानं चौपट होतो, कारण इथे अंतराचा वर्ग येतो. अख्खा बाण तीस-पस्तीस ग्रॅमचा. त्याच्या वाट्याची ऊर्जा टोकावरचं फुकटचं वजन खातं, बाण हळू जातो आणि उरलेला धक्का मुठीतल्या हाताला बसतो. चाळीस मिलिमीटर लांब, दहा रुंद आणि सहा जाड असा शिंगाचा तुकडा सुमारे तीन ग्रॅम भरतो. तासून झाल्यावर त्याचा निम्मा उरला तर काम नीट झालं म्हणायचं. उरलेला दीड ग्रॅमही फुकट जात नाही. कठीण पट्टीच्या आधारामुळे खालचं लाकूड आणखी अरुंद करता येतं. नुसत्या लाकडाचं टोक बारा-तेरा मिलिमीटर रुंद ठेवावं लागत असेल तिथे नऊ-दहावर भागतं. नीट केलेल्या टोकपट्टीनं एकूण वजन कमीच होतं. जाडजूड, नाकतोड्याच्या डोक्यासारखी पट्टी दिसली की समजावं, करणाऱ्याला ती दाखवायची होती, वापरायची नव्हती.

कशाची करावी? माझं मत म्हशीच्या शिंगाला. ते लाकडाबरोबर थोडं वाकतं, तडकत नाही, कानशीखाली लोण्यासारखं नाही पण शहाण्यासारखं वागतं आणि घासल्यावर काळंभोर चमकतं. शिंगाचा टोकाकडचा भाग भरीव असतो, मुळाकडचा पोकळ, कारण आत हाडाचा गाभा असतो. पट्टीला भरीव भाग सोयीचा. पोकळ भागाचे तुकडे उकळत्या पाण्यात मऊ करून दाबून सपाट करता येतात. मात्र असं सपाट केलेलं शिंग आपला मूळ बाक विसरत नाही. ऊब आणि दमट हवा मिळाली की ते परत वळू पाहतं आणि सांधा उचलतं. शिंग कानशीखाली तापलं की केस जळल्यासारखा वास येतो, तो घरच्यांना सहन होत नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं. अमेरिकेत हरणाची गळून पडलेली शिंगं गोळा करून वापरतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाच्या शिंगाचा व्यापार गुन्हा आहे, मग ते जंगलात आपोआप गळलेलं का असेना. त्यामुळे इथल्या हौशीनं तो रस्ता सोडावा. नाहीतरी हरणाचं शिंग हे हाडच असतं. ते जड, ठिसूळ, आणि पातळ केलं की आतला सच्छिद्र भाग वर येतो. लाकडांपैकी आबनूस, शिसम चालतात. मायकार्टा, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेलं कापड किंवा कागद, सगळ्यांत निर्धोक आणि माझ्या मते सगळ्यांत नीरस. यातलं काहीही घासताना नाकावर मास्क हवाच. हाडाची आणि काही परदेशी लाकडांची धूळ छातीला त्रास देते.

आता प्रत्यक्ष काम. धनुष्य ढोबळ आकाराला आलं, जमिनीवर टेकवून दाबल्यावर दोन्ही भुजा वाकू लागल्या, की टोकांकडे वळायचं. टोकाच्या पाठीवर शेवटच्या चाळीसएक मिलिमीटरमध्ये सपाट उतार काढतात, टोकाकडे खोल आणि मुठीकडे शून्य. इथे पाठीवरचं वर्षवलय कापलं जातं. भुजेवर इतरत्र कुठेही हे पाप ठरलं असतं. पण शेवटचे दोन इंच जवळजवळ वाकतच नाहीत, तिथल्या तंतूंवर ताण फार येत नाही, म्हणून तेवढीच जागा माफ. उतार या हद्दीच्या आतच संपला पाहिजे. पट्टीची पातळ कड वाकणाऱ्या भागावर गेली, तर शिंग एक वेळ निभावून नेईल. हाड किंवा आबनूस काही दिवसांत कड सोडतं.

उतार आणि पट्टीचं बूड, दोन्ही अगदी सपाट हवेत. तपासायचं उजेडात: दोन्ही एकमेकांवर ठेवून खिडकीकडे धरायचं, फटीतून उजेड दिसता कामा नये. हातात धरून कानस मारली की पृष्ठभाग कडांना उतरतो आणि मधे फुगतो. त्यापेक्षा पॉलिश पेपर काचेच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर ताणून चिकटवावा आणि पट्टी त्याच्यावर घासावी. शिंगाला आणि तेलकट लाकडांना ॲसिटोननं पुसून घ्यावं, आणि शेवटचा हात खरखरीत पेपरचा असावा. गुळगुळीत शिंगाला गोंद धरत नाही.

गोंद म्हणजे एपॉक्सी, आपल्याकडे अराल्डाइट म्हणून मिळतो तसा, आणि तोही सावकाश सुकणारा. घट्ट दाबण्याचा मोह टाळायचा. सगळा एपॉक्सी दाबून बाहेर काढला तर सांधा उपाशी राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी टोक गुंडाळलं की दाब पुरेसा आणि सगळीकडून सारखा मिळतो. एक अडचण येते ती पट्टी घसरण्याची. खाली उतार, मधे ओला गोंद, वरून दाब, मग ती टोकाकडे सरकणारच. जुने सुतार गोंदात मिठाचे चार कण टाकतात. ते दोन्ही पृष्ठभागांत रुततात आणि तुकडा जागचा हलत नाही. युक्ती साधी आहे आणि लागू पडते.

सजावट सुरू होते ती पट्टी एकापेक्षा जास्त थरांची केली की. काळ्या शिंगाखाली पांढऱ्या मेपलचा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पातळ पदर, त्याखाली पुन्हा शिंग किंवा लाल लाकूड. चिकटवताना हे सगळं बिस्किटांच्या थरांसारखं सपाट आणि कंटाळवाणं दिसतं. आकार देताना कानस तिरपी शिरते, थर तिरपे कापले जातात आणि पृष्ठभागावर वाकदार रेषा उमटतात. या रेषांचं गणित ज्याला कळलं, त्याला स्वच्छ काम म्हणजे काय ते कळलं.

सह्याद्रीत नकाशा घेऊन हिंडणाऱ्यांना समोच्च रेषा ठाऊक असतात. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या त्या रेषा सोंडेवर उताराच्या दिशेनं बाहेर येतात, घळीत उलट वरच्या दिशेनं आत शिरतात. टोकपट्टीतला प्रत्येक थर म्हणजे नेमकी एक उंची. पट्टी टोकाकडे उंच आणि मुठीकडे उतरती असते. तिच्या पाठीला मधोमध कणा ठेवला आणि दोन्ही बाजूंना सपाट उतार काढले, तर रेषांचा व्ही आकार होतो, त्याचं टोक मुठीकडे. कण्याऐवजी गोलाई दिली तर तोच यू होतो. मधे पन्हळ कोरली तर रेषा उलटतात आणि टोकाकडे बोट दाखवतात. नक्षी म्हणून कोणी या रेषा काढत नाही. उंचसखलपणाच आपली नक्षी स्वतः काढतो.

म्हणूनच त्या चुगली करतात. समजा उतार दहा अंशांचा आहे. अशा उतारावर उंचीत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे कागदाच्या एका पानाइतका, तर रेषा जवळपास सहा दशांश मिलिमीटर सरकते. चूक जवळजवळ सहापट होऊन समोर येते. एका रंगाच्या पट्टीत डावी बाजू उजवीपेक्षा किंचित खाली असेल तर कोणाला कळणार नाही. थरांच्या पट्टीत तीच गोष्ट व्ही एका बाजूला कलंडून सांगते. रेषेची रुंदीसुद्धा उतारावर ठरते. सहा दशांश मिलिमीटरचा मेपलचा पदर दहा अंशांच्या उतारावर साडेतीन मिलिमीटर रुंद दिसतो, तीस अंशांवर सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. कानस मधेच जरा जोरात गेली की उतार बदलतो, आणि रेषा एका जागी फुगते, पुढे आकसते. पाहणारा म्हणतो, ‘चिकटवण्यात गडबड झाली.’ गडबड कानशीची असते.

मग उपाय काय? पॉलिश पेपरनं तर ही चूक निघत नाहीच, उलट वाढते. शिंग कठीण, शेजारचं मेपल मऊ. बोटानं पेपर दाबून घासलं की बोट मऊ थरात बुडतं, शिंग वर राहतं, आणि नखानं चाचपडलं तरी लागेल अशी पायरी तयार होते. स्वच्छ काम कानशीच्या टप्प्यातच व्हावं लागतं, आणि ते होतं सपाट पृष्ठभागांच्या क्रमानं. गोलाई शेवटी.

तो क्रम असा. आधी दोऱ्याची मध्यरेषा. मुठीच्या मध्यापासून टोकापर्यंत दोरा ताणून पट्टीवर पेन्सिलनं रेघ मारायची. लाकडाच्या कडांवरून मध्य काढू नये, कारण फाळी फोडून काढलेलं ओसेज क्वचितच सरळ असतं. टोक धनुष्याच्या मधोमध यायला हवं ते दोरीच्या हिशेबानं, लाकडाच्या नव्हे. मग दोन्ही बाजू उभ्या तासून पट्टी लाकडाला समतल करायची आणि वरून पाहता टोक निमुळतं करायचं. या वेळी वरचा पृष्ठभाग अजून पूर्ण सपाट असतो, म्हणून दोन्ही बाजू मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आल्या की नाही हे मोजपट्टीनं मोजता येतं. गोल झाल्यावर मोजायला कडच उरत नाही. यानंतर बाजूनं दिसणारा उतार, तोही एका सपाट पृष्ठभागात. इथे थरांच्या रेषा पहिल्यांदा वर येतात आणि त्या पट्टीला आडव्या, मध्यरेषेला काटकोनात हव्यात. तिरक्या आल्या तर उतार एका बाजूला झुकला आहे. पुढे जाण्याआधी तो इथेच सरळ करायचा, नंतर वाव राहत नाही. मग दोन्ही खांदे पंचेचाळीस अंशांत तासायचे आणि व्ही उमटताना पाहायचा. दोन्ही पाय सारखे लांब आले की मगच कडा मोडून गोलाई. प्रत्येक टप्प्यावर रेषाच मोजमाप देतात. थोडं कौशल्य असलेल्या माणसाला त्या कुठल्याही कॅलिपरपेक्षा जास्त सांगतात.

खाचा कापायला गोल कानस लागते, चेनसॉ धारदार करायला वापरतात तशी, तीन-चार मिलिमीटर व्यासाची. आधी दोरीची जाडी मोजावी. खाच दोरीपेक्षा अरुंद असली तर फास तिच्या काठांवर बसतो आणि तिथेच झिजतो. खाच पाठीवर टोकाच्या बाजूला सुरू होते आणि पोटाकडे येताना मुठीच्या बाजूला सरकते, साधारण पंचेचाळीस अंशांत, कारण चढवलेली दोरी त्याच दिशेला ओढते. पाठीवरून आडवी जाणारी खाच पट्टीच्याच जाडीत राहिली पाहिजे. खालच्या लाकडापर्यंत पोचली तर एवढ्या खटाटोपाचा अर्थच गेला. काही जण पट्टीच्या अगदी शेवटी एक दुसरी छोटी खाच ठेवतात, दोरी चढवायच्या साधनाचा फास अडकवण्यासाठी. ती उपयोगी आहे. पण तिच्यासाठी पट्टी सेंटीमीटरभर लांब करावी लागते, आणि वजनाची गोष्ट वर येऊन गेलीच आहे.

खाचेचा काठ धारदार ठेवू नये. कापडी पाठीच्या पेपरची बारीक पट्टी कापून ती खाचेतून बूट पुसल्यासारखी पुढेमागे ओढली की तळ आणि काठ दोन्ही गोल होतात. नवी दोरी चढवून काही बाण मारल्यावर फास काढून त्याच्या आतल्या बाजूला पाहावं. तिथे धागे पिंजलेले दिसले तर काठावर कुठेतरी धार उरली आहे.

शेवटचा हात देताना काळ्याचा पांढऱ्याला त्रास होतो. शिंगाची किंवा आबनुसाची काळी धूळ मेपलच्या छिद्रांत जाऊन बसते आणि ज्या पांढऱ्या रेषेसाठी एवढी खटपट केली ती राखाडी होते. यावर दोन तोडगे. कानशीचं काम संपल्यावर चपड्याचा एक पातळ हात आधीच मारून पांढरी छिद्रं बंद करावीत. आणि शेवटी पेपरऐवजी खरवडायची पातळ पोलादी पत्री वापरावी. तिनं धूळ होत नाही, बारीक सालपटं निघतात, ती छिद्रांत अडकत नाहीत. कठीण आणि मऊ थरांवरून ती एकाच पातळीत जाते, त्यामुळे पायरीही पडत नाही. शिंगाच्या चकाकीसाठी अगदी बारीक पेपर, मग सुती कापडावर पितळेचं पॉलिश. लाकडी थरांवर पॉलिश जाऊ देऊ नये. त्याचा पांढरा लगदा छिद्रांत वाळतो.

किती थर? बाजारात सात-सात थरांच्या पट्ट्या दिसतात, लाल, पांढऱ्या, काळ्या, मधे पितळेची पत्रीसुद्धा. धातू टोकावर नेण्याबद्दल माझ्याकडे चांगलं बोलण्यासारखं काही नाही. थर जास्त झाले की गोंदाचे सांधेही तेवढेच वाढतात, आणि एवढ्याशा जागेत नजर कशावरच ठरत नाही. व्हिक्टोरियन काळातल्या लाँगबोंच्या कोरीव शिंगाच्या टोप्या पाहाव्यात. बहुतेकांत एकच पदार्थ, एकच रंग, आणि सगळी करामत वळणाची. एक पांढरी रेषा आणि वर काळं शिंग एवढ्यावर थांबायला माझ्या मते हरकत नाही. ती एकच रेषा सरळ आणणंही पुष्कळ आहे.

सगळं होऊन दोरी चढवल्यावर ती मुठीच्या मध्यावरून न जाता एका बाजूला दिसली, तर आधी दोन्ही खाचांची खोली पाहावी. एक खाच उथळ आणि एक खोल असली की फास तिरपा बसतो, दोरी बाजूला जाते, आणि असंच वापरत राहिलं तर भुजेला पीळ बसतो. इथे अर्धा मिलिमीटरही बराच फरक करतो. आणि पट्टीच बिघडली असेल, रेषा वाकडी, कड सुटलेली, तर तीही काढता येते. उष्णतेनं एपॉक्सी मऊ पडतो. गरम हवेच्या गननं टोक सावकाश तापवलं की पट्टी बाजूनं ढकलून सुटते, मात्र शिंग करपू द्यायचं नाही. मग उतार पुन्हा सपाट करून नवी पट्टी चढवायची. प्रत्येक वेळी खालचं अर्धाएक मिलिमीटर लाकूड कानशीत जातं. दहा मिलिमीटरच्या टोकाला ते दोनदा परवडतं, तिसऱ्यांदा नाही.